पट्ट्यांचा भुंगेरा

सन १९५५, श्रावण. तुम्ही मानोऱ्याच्या शिवारात एका पांदणीच्या कडेला उभे आहात. मानोरा पुढे ज्यात येईल तो वाशीम जिल्हा सध्या नाही. १९०५मध्ये इंग्रजांनी तो मोडला आणि त्याचे तालुके अकोला-यवतमाळात वाटून टाकले. तो पुन्हा उभा राहायला १९९८चा जुलै उजाडावा लागेल. राज्य मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. समोरच्या वावरात पऱ्हाटी गुडघ्याला आलीय, पलीकडे ज्वारी, मधूनमधून तुरीची तासं. सोयाबीन अजून कुणी पेरत नाही.

पिकापेक्षा धुऱ्याकडे नीट बघा. तरोटा आहे, कुर्डू आहे, आघाडा, गोखरू, हराळी आहे. निंदणाऱ्या बाया मुठी भरभरून तण उपटतात आणि संध्याकाळी कुणाचे हात, कुणाच्या पापण्या खाजेनं सुजत नाहीत. कातरलेल्या पानांचं, वर बारीक पांढऱ्या फुलांचा फुलोरा धरणारं झाड तुम्ही शोधताय, ते इथे सापडणार नाही. गाजरगवत मानोऱ्यात अजून आलेलं नाही. म्हणूनच ज्याच्यासाठी हा सगळा फेरा मारायचा, तो पट्ट्यांचा भुंगेराही इथे नाही.

तरी रिकाम्या हातानं निघू नका. एखाद्या घराच्या परसात काकडीचा वेल मांडवावर चढलेला असेल. त्याच्या पानांना भोकं पडलीत, आणि भोकं पाडणारा तिथेच बसलाय: तांबडा, चकचकीत, पाऊण सेंटिमीटरही नाही. हा तांबडा भुंगेरा पानं खाणाऱ्या भुंगेऱ्यांच्या कुळातला, क्रायसोमेलिडीतला. सकाळच्या गारव्यात तो सुस्त असतो, चिमटीत येतो. खिशातलं भिंग काढा आणि आधी त्याचं कपाळ बघा. दोन्ही मिशा अगदी शेजारी शेजारी उगवल्यात, मधे जेमतेम जागा. ही खूण डोक्यात ठेवा, पुढे लागेल.

आता पाय. मागच्या पायाच्या टोकाशी, जमिनीला टेकणारा जो भाग, त्याची पेरं मोजा. चार भरतील. तिसरं पेर दोन पाकळ्यांत फाकलेलं आणि त्याच्या तळव्याला केसांची दाट गादी. गुळगुळीत पानावर उलटं लटकायचं तर अशी गादी हवीच. पण पेरं चार नाहीत, पाच आहेत. चौथं इतकं बारीक, की तिसऱ्याच्या खाचेत दडून जातं. ते बघायला प्रयोगशाळेतला सूक्ष्मदर्शक लागतो. हे दडलेलं पेर या सगळ्या कुळाची खूण आहे, आणि लांब मिशांच्या भुंगेऱ्यांचीही. तुमच्या काळात सोयाबीनच्या खोडाला गोल खाचा पाडणारा चक्रीभुंगा हा या लांब मिशांच्या शाखेतला, म्हणजे नात्यातलाच. मावा खाणारा ढालकिडा मात्र दिसायला कितीही यांच्यासारखा वाटला तरी त्याच्या पायाची तीनच पेरं दिसतात आणि मिशा आखूड, टोकाला गाठ आलेल्या असतात. म्हणून किडा ओळखताना पाठीवरच्या रंगाआधी पाय आणि मिशा बघायची सवय लावून घ्या. रंग पुष्कळदा फसवतो.

चला, १९२६च्या लंडनला. नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या कीटक विभागात समरेंद्र मौलिक नावाचे बंगाली गृहस्थ हिंदुस्थानातून आलेले पानभुंगेरे एकेक करून तपासताहेत. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या ग्रंथमालेत या कुळाचा पहिला खंड जॅकोबी यांनी १९०८ला लिहिला. पुढचे मौलिक लिहिताहेत. एक १९१९ला आला, एक याच वर्षी, आणि तुमच्या काकडीवरच्या तांबड्या भुंगेऱ्याच्या उपकुळाचा खंड १९३६ला येईल. १९२६चा खंड उघडा. यात क्रायसोमेलिनी हे उपकूळ आहे. घुमटासारख्या पाठीचे, पोटाकडून सपाट भुंगेरे. मिशा कपाळावर एकमेकींपासून चांगल्या दूर रुजलेल्या. काकडीवरचं कपाळ आठवा आणि फरक बघा. एवढ्या एका खुणेवर दोन उपकुळं वेगळी काढता येतात, आणि ती खूण साध्या दहापटी भिंगातून दिसते.

पुस्तकाचा जीव त्याच्या ओळखतक्त्यात आहे. प्रत्येक पायरीला दोन पर्याय: नखं अशी की तशी, पाठीवरचे खड्डे ओळीत की विखुरलेले. योग्य तो धरायचा आणि खालच्या पायरीवर उतरायचं. शेवटी नाव हाती येतं. एक माणूस मेलेल्या किड्यांच्या पेट्यांसमोर वर्षानुवर्षं बसून हिंदुस्थानातल्या कुठल्याही शेतातला भुंगेरा ओळखायची वाट आखतो, हे काम मला फार मोठं वाटतं. त्या वाटेवरून आजही लोक चालतात.

पण तुमचा पट्ट्यांचा भुंगेरा या तक्त्यावर ठेवलात, तर पायऱ्या उतरता उतरता तो भलत्याच नावाशी येऊन थांबेल. यात मौलिकांची चूक नाही. ओळखतक्ता म्हणजे त्या सालची मतदारयादी; नंतर राहायला आलेल्याचं नाव तिच्यात नसतं. हा भुंगेरा तेव्हा हिंदुस्थानात नव्हता. त्याला तर कुठेच नाव नव्हतं.

नाव मिळतं ते १९५३मध्ये, न्यू यॉर्कला. अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत पॅलिस्टर नावाचे अभ्यासक मेक्सिकोहून आलेल्या भुंगेऱ्यांपुढे बसलेत. त्यांच्या मागे उभे राहा. प्रत्येक किड्याच्या उजव्या पंखकवचातून टाचणी आरपार गेलेली. टाचणीवर खाली चिठ्ठ्या: कुठे सापडला, कधी, कुणी धरला. जिच्यावर एवढं नाही, ती टाचणी शास्त्राला फारशी उपयोगाची नाही.

पॅलिस्टर आधी नखं बघतात. मेक्सिकोकडच्या या जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या पट्टेरी भुंगेऱ्यांत एक गोतावळा असा, की ज्याच्या पायाची दोन नखं बुडाशी जुळलेली असतात आणि समांतर पुढे जातात. शेजारच्या कॅलिग्राफा प्रजातीत ती सुटी असतात. जुळलेल्या नखांच्या गटाला शेव्हरोला या फ्रेंच अभ्यासकानं १८३६मध्ये झायगोग्रामा हे नाव दिलं होतं. पॅलिस्टरांचा किडा त्या घरात बसतो. पण त्या घरातल्या आधीच्या कुठल्याही जातीशी त्याचे पट्टे, त्याचा रंग जुळत नाही. म्हणून नवी जात: झायगोग्रामा बायकलराटा. वर्णन छापलं जातं, एका नमुन्याला मूळ नमुन्याचा मान मिळतो, आणि इथून पुढे जगात कुठेही वाद झाला तर निवाडा त्या वाळलेल्या किड्यावरून व्हायचा.

याच घरातला एक भाऊबंद इथेच बघून ठेवा. झायगोग्रामा एक्स्क्लामेशनिस. त्याचं वर्णन फॅब्रिशियसनं १७९८मध्येच केलंय. फिकट पंखकवचांवर गडद पट्टे, त्यांतला कडेचा पट्टा तुटक, खाली टिंब दिल्यासारखा. उत्तर अमेरिकेतले शेतकरी याला सूर्यफुलाचा भुंगेरा म्हणतात, कारण याच्या अळ्या आणि प्रौढ सूर्यफुलाची पानं फस्त करतात. दोघे एकाच प्रजातीचे, नखं तशीच, अंगलट तीच. एकाचं खाणं सूर्यफूल, दुसऱ्याचं गाजरगवत. हा फरक अडतीस वर्षांनी आपल्याकडे केवढा वाद उठवणार आहे, याची इथे कुणाला कल्पनाही नाही.

पुण्यात थांबा, पण थोडंच. साल पुन्हा १९५५. राव नावाचे वनस्पतिशास्त्रज्ञ एका अनोळखी झुडपाची नोंद घेतात आणि १९५६मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात ती छापून येते: पार्थेनियम, म्हणजे आपलं गाजरगवत, भारतासाठी नवं. हे तण अमेरिकेच्या पीएल-४८० गव्हातून आलं असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. तारखा लावून बघा. त्या कायद्याखाली भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६मध्ये, आणि झाड त्याच्या आधीच पुण्यात उभं होतं. पुढे धान्याच्या जहाजांनी त्याचा पसारा वाढवला असेल, ते खुशाल माना. पण पहिलं झाड त्या करारावर ढकलता येत नाही. बी मात्र ज्या कशातून आलं असेल त्यातून, ते एकटं आलं. मेक्सिकोत त्याला कुरतडणारे किडे मेक्सिकोतच राहिले. एका झाडाला पंधरा ते पंचवीस हजार बिया, गुरं तोंड लावत नाहीत, आणि पानं खायला कुणी नाही. पुढचं सगळं यातूनच झालं.

आता परत मानोरा, सन १९८३. तीच पांदण. धुरा ओळखू येत नाही. ई-क्लासच्या जमिनीवर जिथे गुरं चरायची तिथे कमरेएवढं गाजरगवत. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, उकिरड्याभोवती, शाळेच्या कुंपणालगत तेच. पोहरादेवीच्या वाटेवर तेच. निंदायला बसलेल्या बाईनं हाताला फडकं गुंडाळलंय. उपटलेलं झाड धुऱ्यावर टाकलं, की त्याचं बी शेणखतातून पुन्हा वावरात येतं.

याच वर्षी बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याला, भारतीय फलोद्यान संशोधन संस्थेत, मेक्सिकोहून काही भुंगेरे येतात. त्यांना लगेच बाहेर सोडत नाहीत. बंद खोलीत, जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवून त्यांच्यापुढे एकेक झाड मांडलं जातं: पिकं, भाज्या, फुलझाडं, गाजरगवताच्या नात्यातली झाडं. कशावर बसतात, कशावर अंडी घालतात, कशावर अळी मोठी होते, सगळं लिहून काढायचं. या कामामागे के. पी. जयंत हे नाव आहे. १९८४मध्ये भुंगेरे उघड्यावर सोडले गेले. पहिली काही वर्षं नजरेत भरावं असं काही झालं नाही. १९८८च्या सुमाराला मात्र बेंगळुरूच्या माळांवर गाजरगवताचे नुसते बुडखे दिसू लागले.

आणि १९९१च्या सुमाराला कर्नाटकातल्या काही सूर्यफुलाच्या शेतांत हेच भुंगेरे पानं खाताना सापडले. न्यू यॉर्कच्या पेटीतला तो भाऊबंद आता आठवा. घाबरायला कारण होतं. सूर्यफूल तेव्हा दक्षिणेत आणि मराठवाड्यातही जोरात होतं. भुंगेरे सोडणं थांबवा अशी ओरड झाली, सरकारनं चौकशी समिती नेमली. प्रश्न दोन होते. एक: हा खरोखर बायकलराटाच का, की नात्यातला दुसरा कुणी सोबत आला? दोन: बायकलराटाच असेल, तर तो सूर्यफूल का खातोय?

पहिल्याचं उत्तर नखं, पट्टे आणि नराच्या जननेंद्रियाच्या आकारानं मिळतं. पानभुंगेऱ्यांत जवळच्या जाती वेगळ्या करताना शेवटचा शब्द त्या आकाराचा असतो. भुंगेरा बायकलराटाच होता. दुसऱ्याचं उत्तर जयंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३मध्ये छापलं, आणि ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत सुंदर काम वाटतं. सूर्यफुलाच्या शेताला लागून गाजरगवत फुललेलं होतं. त्याचे परागकण वाऱ्यानं उडून सूर्यफुलाच्या पानांवर बसत. भुंगेरा त्या परागकणांच्या ओढीनं पान चावत होता. प्रयोगात सूर्यफुलाच्या पानांवर गाजरगवताचे परागकण भुरभुरवले, तर तो ती पानं खाऊ लागला. हा किडा सूर्यफुलाची कीड म्हणून कुठे टिकला नाही. समितीनं शेवटी त्याला मोकळीक दिली, आणि मग जबलपूरच्या तण संशोधन संस्थेपासून आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांपर्यंत अनेकांनी त्याची पैदास करून वाटप केलं. दर वर्षी १६ ते २२ ऑगस्टला गाजरगवत जागृती सप्ताह असतो. त्यात या भुंगेऱ्याचे डबे तुम्ही कुठे ना कुठे बघितले असतील. एका जागी सोडायचे तर पाचशे ते हजार प्रौढ लागतात.

आता तुमचा स्वतःचा काळ. ऑगस्टचा शेवट, दोन दिवसांच्या झडीनंतर उघडीप. तीच पांदण, तोच धुरा, आत सोयाबीन शेंगेला आलेलं. धुऱ्यावरच्या गाजरगवताचे शेंडे कुरतडलेत, काही झाडांना फुलंच आलेली नाहीत. बसा खाली.

पान उलटं करा. खालच्या बाजूला पिवळट केशरी, लांबट अंडी, दीड मिलिमीटरचीही नसतील. चार-पाच दिवसांत ती फुटतात. शेंड्याच्या कोवळ्या घडीत बोट घाला, पिवळसर, गबदुल, पाठीला पोक आलेली अळी सापडेल. दहा-पंधरा दिवस ती शेंडा आणि कळ्या खाते, आणि फुलं येत नाहीत ती यामुळेच. मग झाडाखालच्या काळ्या मातीत शिरून कोष करते, आणि आठ-बारा दिवसांनी प्रौढ वर येतो. सगळा फेरा महिन्याभराचा.

आता प्रौढ. धक्का लागू देऊ नका, पाय आखडून तो गवतात पडला तर शोधत बसाल. पानासकट तोडून तळहातावर घ्या. लांबी सहा मिलिमीटरच्या आसपास. डोकं तपकिरी, त्यामागची मानेवरची ढालही तपकिरी. दोन्ही पंखकवचं मात्र दुधाळ, सायीकडे झुकणारी, आणि त्यांवर गडद तपकिरी उभे पट्टे: दोन कवचं जुळतात त्या शिवणीलगत एक, आणि बाजूंना नागमोडी, मधेच रुंद होणारे. भिंग डोळ्याला लावा, किडा भिंगाजवळ आणा. मिशांची पेरं अकरा, टोकाकडे जराशी जाड होत गेलेली. कपाळावर दोन्ही मिशांमध्ये ऐसपैस जागा. म्हणजे काकडीवाल्याचं उपकूळ नाही, १९२६च्या खंडातलं आहे. उताणा करा: पोट सपाट, तपकिरी. पाय ताणला, की तिसरं पेर फाकलेलं, केसाळ. आणि अगदी टोकाला उजेड नीट पडला तर दोन नखं दिसतात, बुडाशी एकत्र, पुढे समांतर. झायगोग्रामा.

“काय पायता जी?”

मागे एक म्हातारे काका उभे आहेत. वावर त्यांचं. पाठीवर पंप घेतलेला पोरगा पलीकडच्या तासात.

“काका, हे पट्ट्यांचं पाखरू.”

“थे तं लय झालेत औंदा. म्या पोराले म्हनलं, धुरा बी मारून घे. उद्या सोयाबीनवर चढतीन.”

“सोयाबीनच्या पानावर आतापर्यंत एक तरी दिसला का?”

काका दोन तासं आत जातात, वाकून पानं उलटी करतात, सावकाश, चार-पाच झाडं. “अळ्या हायेत दुसऱ्या. थो नाही.” परत येतात. “मंग हे खाते काय?”

“गाजरगवत. मेक्सिकोहून त्याच्यासाठीच आणलेलं आहे.”

काका भुंगेरा स्वतःच्या तळहातावर घेतात. पुढचा प्रश्न अगदी नेमका आहे, आणि तो त्यांनी विचारायलाच हवा. “अन् गाजरगवत सरल्यावर?”

त्यांना सूर्यफुलाची गोष्ट सांगा, सगळी सांगा, घाबरले होते तेही सांगा. सांगा की गवत संपलं तर तो उडून दुसरीकडचं गवत शोधतो. दिवाळीनंतर ओल गेली की मातीत शिरून उन्हाळाभर निपचित पडतो आणि मृगाच्या पावसानं पुन्हा वर येतो. हेही सांगा की एकट्या त्याच्यावर भिस्त ठेवून चालणार नाही. त्याचे कामाचे महिने पावसाळ्याचे. हिवाळी ओलीवर उगवणारं गाजरगवत त्याच्या तावडीतून सुटतं, ते फुलावर येण्याआधी उपटावंच लागतं. धुऱ्यावर तरोटा माजू दिला तर तोही गाजरगवताला जागा देत नाही. मात्र फवारा पडला तर मरणारा पहिला हाच, कारण तो पानावर उघडा बसतो.

काका भुंगेरा एका शाबूत शेंड्यावर ठेवतात. मग पोराला हाक मारतात.

“अबे, धुऱ्याकून नको धरू. चार तासं सोड, अन् आतून मार.”